चिनी काढा, कॅन्सरची मुळी आणि मामीचा मेसेज

मामाचा दुसरा केमो झाला त्या रात्री मामीचा मेसेज आला. सोबत एक फॉरवर्ड होता : ‘चीनचं प्राचीन औषध, पोटाच्या कॅन्सरच्या स्टेम सेल मुळासकट नष्ट!’ खाली मामीने लिहिलं होतं, ‘तू पेपरात आहेस ना? बघून सांग. मागवू का?’

असा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. गंमत म्हणजे यातलं सगळंच खोटं नसतं, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

आधी स्टेम सेल म्हणजे काय ते बघू. शेतातली हरळी आठवा. वरून कितीही कापा, मुळी राहिली की पावसात पुन्हा हिरवीगार. कॅन्सरच्या गाठीतल्या थोड्या पेशी अशाच चिवट असतात. केमोचा मारा मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींवर होतो. या मात्र निपचित पडून राहू शकतात आणि पुढे नवी गाठ उभी करू शकतात. 2007 मध्ये कॅनडा आणि इटलीतल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या गाठींमधून अशा पेशी वेगळ्या काढल्या. त्या उंदरांना टोचल्यावर नवी गाठ तयार झाली.

आता चीनकडे वळू. तिथे जठराच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचे पेशंट खूप आहेत, आणि केमोच्या जोडीला पारंपरिक औषधं देणारी हॉस्पिटल्सही आहेत. त्यामुळे जुन्या वनस्पती लॅबमध्ये तपासणं ओघाने आलंच. ह्वांगल्यान नावाच्या कडू मुळीत बर्बरीन असतं. तेच आपल्या दारुहळदीतही असतं. स्टेम सेलना जगवणारे काही संदेश बर्बरीन आणि हळदीतलं कर्क्युमिन दाबतात, असं लॅबमधल्या प्रयोगांत दिसलंय.

पण काचेच्या बशीतली पेशी वेगळी आणि माणूस वेगळा. हळदीचंच घ्या. पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी रक्तात पोहोचतं ते अगदीच थोडं.

माणसांवर काही झालंय का? हो. 2020 मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. आतड्यातल्या गाठी (ॲडिनोमा, ज्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो) काढून टाकलेल्या अकराशेहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना बर्बरीन दिलं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. बर्बरीनवाल्यांपैकी 36 टक्के लोकांना पुन्हा गाठी आल्या, बाकीच्यांत 47 टक्क्यांना. फरक चांगलाच आहे. पण ही माणसं कॅन्सरची पेशंट नव्हती आणि ‘स्टेम सेल नष्ट झाल्या’ असंही त्यातून सिद्ध होत नाही.

मग झाडातून कॅन्सरचं औषध येतच नाही का? येतं की! चीनमध्ये ‘शी शू’ म्हणजे ‘आनंदवृक्ष’ नावाचं झाड आहे. 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे! आणि सह्याद्रीत ज्याची तस्करी होते, त्या नरक्यातही हेच रसायन असतं. पण सुरुवातीच्या चाचण्यांत पेशंटना इतका त्रास झाला की त्या थांबवाव्या लागल्या. मग रेणूत बदल करून इरिनोटेकॅन तयार झालं. आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली 1996 मध्ये. झाडापासून सलाइनपर्यंत तीस वर्षं!

म्हणून असा फॉरवर्ड आला की तीन प्रश्न विचारा. प्रयोग कशावर झाला : बशीतल्या पेशींवर, उंदरावर की माणसांवर? माणसांवर असेल तर तुलना कुणाशी केली? आणि बाटलीत नेमकं काय आहे, किती आहे?

चौथी गोष्ट प्रश्न नाही, कामच आहे. घरात काढा सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा. ओरडा बसला तरी सांगा. यकृतात औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमवर बर्बरीनसारख्या पदार्थांचा परिणाम होतो. मग केमोचं औषध शरीरात कमी-जास्त होऊ शकतं. ‘हर्बल आहे, काय होतंय?’ हे वाक्य इथे महागात पडतं.

मामीला ‘फेक आहे’ एवढंच लिहून मला मोकळं होता आलं असतं. पण ती बिचारी आशा शोधत होती. मी मामाची फाइल मागवली, औषधांची नावं वाचली आणि तिला फोन केला. म्हटलं, ‘मामी, बाटली मागवू नकोस. चिनी झाडाचं औषध मामाच्या सलाइनमधून आधीच जातंय. त्याचं नाव इरिनोटेकॅन.’

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘नाव नीट लिहून पाठव. ग्रुपवर टाकते.’