बडनेऱ्याचे ‘वडनेरा’ कसे झाले?

बालमित्रांनो, आज आधी माझीच फजिती सांगते!

सहलीसाठी मी एक तक्ता केला. अमरावतीहून अकोल्याला जाताना लागणारी गावे त्यावर लिहिली : बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. अक्षरे कशी? उभ्या रेघा बोटभर जाड, तर आतल्या तिरप्या रेघा केसासारख्या बारीक. मोठी ऐटबाज!

शेवटच्या बाकावरून एकाने विचारले, “बाई, हे वडनेरा कुठी हाय जी?”

वर्ग खो-खो हसला. तो बिचारा खाली मान घालून बसला. “नीट बघ!” असे मी म्हणणारच होते, पण सहज त्याच्या शेजारी जाऊन बसले. आणि काय सांगू? मलाही ‘वडनेरा’च दिसले! ‘ब’च्या पोटातली रेघ तिथून दिसतच नव्हती.

मग अशी जाड-बारीक अक्षरे काढतातच कशाला? एक प्रयोग करा. तिरपा काप दिलेला बोरू न फिरवता एक फुली काढा. एक रेघ जाड येते, दुसरी बारीक. नागरी अक्षरांचे वळण या बोरूतूनच आले. मुंबईत 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी हेच वळण शिशाच्या खिळ्यांत उतरवले.

इकडे इटलीत बोदोनी (1740–1813) याने रोमन अक्षरांत जाड-बारीक रेघांचा फरक खूपच वाढवला. पुढे लंडनमध्ये जाहिरातींसाठी त्याहूनही लठ्ठ अक्षरे निघाली. जाड रेघ लांबून नजर खेचते. पण सगळ्याच रेघा जाड केल्या, तर अक्षराचे पोट बुजते, शाईचा डागच जणू! म्हणून काही रेघा बारीक ठेवायच्या. आपल्या नागरीत तर शिरोरेघ, मात्रा, रफार, जोडाक्षरे, सगळी दाटीवाटी. अशा ठळक अक्षरांचा नागरी आणि रोमन असा दोन्ही लिप्यांतला ‘रोझा वन’ नावाचा संगणकीय टंक इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 मध्ये काढला.

अशी अक्षरे शोभतात ती मथळ्याला, मुखपृष्ठाला. अख्खा धडा त्यात छापला तर डोळे शिणतील. आणि फलकावर लिहायचे, तर बारीक रेघ सर्वांत लांबच्या वाचणाऱ्यालाही दिसली पाहिजे. नाही तर ‘ब’चा ‘व’ होतो, ‘ष’चा ‘प’ होतो.

मी पेन घेतले, ‘ब’ची रेघ जाड केली आणि त्यालाच वाचायला सांगितले. “बडनेरा!” तो खणखणीत आवाजात म्हणाला. मग वर्गाला सांगितले, “चूक याची नव्हती, माझ्या अक्षराची होती.”

आईबाबांनो, मूल चुकीचे वाचते म्हणून रागावण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा. अक्षर स्पष्ट असूनही त्याला दिसत नसेल, तर डोळे तपासून घ्या.

आणि मुलांनो, तुमच्या गावातल्या पाट्या वीस पावलांवरून वाचा बरे. कोणत्या पाटीवरची रेघ हरवली?