नवा घेऊ, की यातच भागेल?

खांदेश्वर स्टेशनच्या एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी. माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान कॉलनीच्या बाजूला आहे, झेरॉक्सवाला आणि पोळीभाजी केंद्र यांच्या मधल्या गाळ्यात. काउंटरवर लॅपटॉप ठेवताना माणसं आधी त्याचं वय सांगतात, "सात वर्षं झाली हो," आणि मग विचारतात, "दादा, यात पैसे घालू की नवाच घेऊ?"

वयावरून मी उत्तर देत नाही. दुरुस्ती हा माझा धंदा, तेव्हा हा 'दुरुस्तच करा' म्हणणार, असा संशय कोणी घेतला तर राग नाही. पण मरणपंथाला लागलेलं मशीन पैसे घेऊन उभं करायचं आणि महिन्याभरात तेच गिऱ्हाईक तावातावाने परत यायचं, हे या धंद्यात कोणालाच परवडत नाही. म्हणून आधी लॅपटॉप चालू करायचा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. हे घरी कोणालाही जमतं, त्याला माझी गरज नाही. नेहमीची कामं सुरू करा आणि तिथले तीन आकडे बघा: प्रोसेसर, मेमरी, डिस्क. दुखणं कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

परवा शेजारच्या सेक्टरमधल्या एक काकू आल्या. चार सोसायट्यांचे हिशेब घरून लिहितात. लॅपटॉप 2018 चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. "सकाळी चालू करते, चहा टाकते, चहा पिऊन येते, तेव्हा कुठे टॅली उघडतं." टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर मात्र निवांत बसलेला. मुलाने त्यांना नवा घ्यायला सांगितलं होतं, बजेट तीसेक हजार.

त्या काळच्या स्वस्त आणि मध्यम लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असायची. तिची तबकडी मिनिटाला 5,400 फेरे घेते आणि एक बारीक पातं तिच्यावरून सरकत माहिती शोधतं. एका जागेवरून दुसरीकडे जाऊन वाचायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. हे ऐकायला काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो उड्या माराव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसतं. तिथे हेच काम एक मिलिसेकंदही घेत नाही. प्रोसेसर बदलून जो फरक दिसणार नाही तो डिस्क बदलून दिसतो, याचं कारण एवढंच. काकूंच्या मशीनला एसएसडी टाकली, 8 जीबीची रॅम बसवली, आहे तो डेटा जसाच्या तसा नव्या डिस्कवर क्लोन केला. नव्या लॅपटॉपच्या पाव किमतीतही हे बसलं. जुनी हार्ड डिस्क डब्यात घालून बॅकअपसाठी त्यांच्याच हातात दिली. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत जुनी डिस्क बसवता येते, पण बॅकअप मशीनच्या बाहेर असलेला बरा.

किमतींबाबत एक सूचना. 2025 च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले, त्याची झळ आपल्यापर्यंत आली. त्यामुळे गेल्या वर्षी भाच्याने कितीला टाकली हे सांगून घासाघीस करू नका. मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेली चांगल्या कंपनीची रॅम तपासून मिळत असेल तर ती घ्यायला माझी हरकत नाही. रॅममध्ये झिजण्यासारखं काही नसतं. सेकंडहँड एसएसडी मात्र घेऊ नये, ती लिहून लिहून झिजते.

काकूंचा मुलगा ऑनलाइन जे मॉडेल बघत होता ते मी पाहिलं. सेलेरॉन प्रोसेसर, बोर्डवरच डकवलेली 4 जीबी रॅम आणि 64 जीबीची ईएमएमसी. हे ईएमएमसी म्हणजे मोबाइलसारखी बोर्डाला चिकटलेली साठवण, तिचा वेग एसएसडीच्या जवळपासही जात नाही. यात पुढे काहीही वाढवता येत नाही. नवा, चकचकीत, वॉरंटीवाला असूनही असा लॅपटॉप काकूंच्या जुन्या आय-फाइव्हपुढे रडला असता. स्वस्तातला नवा हा सगळ्यात महाग सौदा ठरू शकतो, हे मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो. काही जण ऐकतात.

आता विंडोजचं दुखणं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. त्या सुमारास माझ्याकडे घाबरलेल्या लोकांची रीघ लागली होती. लॅपटॉप बंद पडत नाही, तो पूर्वीसारखाच चालतो. फक्त सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट थांबतात. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. पिढी कशी ओळखायची? आय-फाइव्हच्या पुढचा आकडा बघा. 8250 असेल तर आठवी, 7200 असेल तर सातवी. आठवीवाल्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं. ते चालू केलं की काम झालं, त्यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा लागत नाही. 

सातवीवाल्यांची मात्र पंचाईत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केले. सेटिंग त्यांच्या खात्याशी सिंक केली तर त्याला पैसेही पडत नाहीत. जुगाड करून विंडोज 11 घालता येतं, यूट्यूबवर पोरं दाखवतात. बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार ज्यावर होतात त्या मशीनवर मी ते करून देत नाही.

दुसरा रस्ता लिनक्सचा. लिनक्स मिंट 4 जीबी रॅमवर बऱ्यापैकी चालतं, फुकट आहे, आणि त्यात इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग होतं. मेल, बातम्या, व्हिडिओ, पत्रं, एवढंच काम असलेल्या कितीतरी निवृत्त मंडळींना मी ते घालून दिलंय. पण टॅली विंडोजवरचं, आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर रडवतात. तेव्हा हिशेबवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

एक डीटीपीवाले काका आहेत पनवेलचे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं लावण्यात आयुष्य गेलेलं. त्यांचा लॅपटॉप विंडोज 7 वर, त्यात पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, डोंगलसकट. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची, अडोबीने नंतर ते सोडूनच दिलं. नव्या मशीनवर हा संसार हलवायचा तर फॉन्ट, डोंगल, वीस वर्षांच्या फाइली, सगळंच नव्याने मांडावं लागणार. आणि काकांना युनिकोडशी जुळवून घ्यायची इच्छा नाही, हा त्यांचा हक्क आहे. त्यांना मी एकच अट घातली: या मशीनला इंटरनेट लावायचं नाही. क्रोमनेच 2023 च्या सुरुवातीला विंडोज 7 ला रामराम ठोकला, तिथे बँकेची साइट उघडणं म्हणजे चोराला बोलावणं. वाय-फाय बंद केलं, एसएसडी टाकली, पंखा साफ केला. मेल ते मोबाइलवर बघतात. जुनं यंत्र एकाच कामाला जुंपून ठेवणं हाही आयुष्य वाढवण्याचा एक मार्ग आहे, आणि यात फार खर्च येत नाही.

आमच्या भागातली खास दुखणी वेगळी. हार्बर लोकलच्या गर्दीत पोटाशी कवटाळलेल्या बॅगेत लॅपटॉप दबतो, मग बिजागरी सैल होते, एक दिवस झाकणाचा कोपरा उघडतो आणि स्क्रीनची वायर तुटते. बिजागरी कुरकुरायला लागली तेव्हाच आणली तर काम थोडक्यात होतं. स्क्रीनसकट गेली की विचार करावा लागतो. चहूबाजूंनी बांधकामं, त्यांची बारीक धूळ पंख्यात घट्ट बसते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि मालकाला वाटतं, म्हातारा झाला. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलली की म्हातारा धावतो. खाडीकडचं दमट हवामान कनेक्टरला गंज चढवतं. आणि झुरळं. उबदार, अंधारी जागा आवडते त्यांना. कीबोर्ड उघडल्यावर काय काय निघतं ते पोळीभाजी केंद्राशेजारी बसून सांगणं बरं नाही.

बॅटरीच्या बाबतीत अंदाज लावू नका. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. अर्ध्याच्या खाली गेली असेल आणि लॅपटॉप सतत टेबलावरच राहणार असेल तर चार्जरवर चालवा, घाई नाही. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, खालचं झाकण फुगलं, तर मात्र त्याच क्षणी चार्जर काढा. ती फुगलेली लिथियम बॅटरी आहे. दाबू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका.

मग नवा कधी? बोर्ड गेला आणि चिप लेव्हल कामालाही दाद देत नाही तेव्हा. रॅम बोर्डवर डकवलेली, ती अपुरी पडतेय आणि वाढवायला स्लॉट नाही तेव्हा. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक मॅकबुक आणि पातळ अल्ट्राबुकची हीच कथा. मुलगी आर्किटेक्चरला गेली किंवा मुलगा व्हिडिओ एडिटिंग शिकतोय आणि मशीन मुळातच त्या कामाचं नाही तेव्हा. बाकी माझा साधा हिशेब असा: तेवढ्याच ताकदीचा रिफर्बिश्ड लॅपटॉप ज्या किमतीला मिळतो, त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च दुरुस्तीला येत असेल तर हात आखडता घ्या.

रिफर्बिश्डला नाक मुरडू नका. कंपन्या तीन-चार वर्षांनी लीजवरचे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक परत करतात. ती मशीनं दणकट असतात आणि त्यांचे भाग सहज मिळतात. घेताना आठवी पिढी किंवा वरचा प्रोसेसर, बॅटरी रिपोर्ट, बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, एवढं बघा आणि पक्कं बिल मागा. त्यासाठी मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडलाच जायला पाहिजे असं आता राहिलेलं नाही. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण माल आणायला निघालेला एकही दुरुस्तीवाला त्याला त्या नावाने हाक मारत नाही. आम्ही अजून जातो, कुर्ला, दादर असे गाड्या बदलत ग्रँट रोडला उतरून, कारण सुटे भाग हाताळून घेता येतात. 

जुना कोणाला द्यायचा असेल तर डिलीट करून भागत नाही. फाइल दिसेनाशी होते, डिस्कवरून जात नाही. डिस्क पूर्ण पुसून घ्या किंवा काढून ठेवा. अगदीच निकामी झाला तर भंगारवाल्याला विकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जबाबदारी उत्पादक कंपनीवरही येते. कंपनीच्या साइटवर परत देण्याची सोय शोधा किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या.

आणि दुकानात येण्याआधी, माझ्या नव्हे, कुठल्याही दुकानात, तीन गोष्टी कराच. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बोर्ड गेल्यावर तिच्याशिवाय तुमचा डेटा कोणीच उघडू शकत नाही. आणि येताना चार्जर आणा. अर्ध्या तक्रारी चार्जरच्याच असतात.