दुखणे वाढले, तर ते कागदावर यावे



बितुआख लेउमीकडून अपंगत्वाची कित्सबा सुरू झाली की पुष्कळ घरांतून ते मंजुरीचे पत्र कपाटात जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही. पुढे पाच-सात वर्षांत प्रकृती ढासळते, पण कपाटातला कागद जुन्याच माणसाचे वर्णन करीत राहतो. कारणे दोन. एक भीती: आहे तेही जाईल. दुसरी आपली सवय. डॉक्टरांनी विचारले तरी आपण म्हणतो, ‘बारुख हाशेम, बरे आहे.’ देवाचे आभार अवश्य मानावेत. पण डॉक्टर ते वाक्य संगणकात ‘तक्रार नाही’ असे नोंदवितात, आणि पुढे समितीसमोर तीच नोंद उघडते.

सामान्य अपंगत्वाच्या विम्यात दोन निरनिराळी मोजमापे आहेत. पहिले वैद्यकीय टक्के. दुसरे, कमाई करण्याची क्षमता किती गेली, हे. त्याच्या पायऱ्या 60, 65, 74 आणि 100. कित्सबेची मूळ रक्कम या दुसऱ्या मापावर ठरते. म्हणून एखाद्याचे वैद्यकीय टक्के वाढूनही मूळ रक्कम तीच राहू शकते. मग अर्ज करावा कशाला? उदाहरणच घेऊ.

समजा, चौसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांना हृदयविकारासाठी 40 टक्के मिळाले असून कमाईची क्षमता पूर्ण गेल्याचे मान्य झाले आहे. नंतर मधुमेहाने पायांच्या नसा निकामी केल्या. समितीने त्यासाठी 20 टक्के धरले, तर बेरीज 60 होत नाही. उरलेल्या 60 चे 20 टक्के, म्हणजे 12, मिळवून 52 होतात. हिशेब कंजूष वाटतो खरा. पण पूर्ण असमर्थता मान्य झालेल्या, संस्थेत न राहणाऱ्या व्यक्तीचे वैद्यकीय टक्के 50 किंवा अधिक झाले की एक जादा मासिक रक्कम सुरू होते. या गृहस्थांच्या बाबतीत त्या बारा टक्क्यांनीच ते दार उघडले. ज्यांची असमर्थता 60 वा 65 टक्के धरली आहे, त्यांना वरची पायरी मिळण्याचाही प्रश्न असतो.

प्रकृती बिघडल्याच्या अर्जाला ‘हाख्मारात मात्सव’ म्हणतात. सर्वसाधारणपणे शेवटच्या निर्णयाला सहा महिने झाल्यावर तो करता येतो. खरी तयारी मात्र अर्जाच्या आधीची, आणि ती कुपात होलिमच्या दवाखान्यात होते. मधुमेहाचेच पाहा. रक्तातील साखरेचा आकडा एकटा फार बोलत नाही. साखरेने काय बिघडविले ते बोलते. नसांची तपासणी, डोळ्यांच्या पडद्याचा अहवाल, लघवीतील प्रथिने, न भरणारी जखम, हे सारे ताजे आणि त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाचे असावे. जोडीला रोजच्या जगण्यातील अडचण लिहवून घ्यावी. ‘पाय दुखतात’ यापेक्षा ‘पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, दोन महिन्यांत तीनदा पडलो’ हे शंभर पटींनी उपयोगाचे. कुटुंबाच्या डॉक्टरांकडे एवढे सांगायला वेळ नसतो, ही तक्रार मला ठाऊक आहे. घरून चार ओळी हिब्रूत लिहून न्याव्यात आणि त्या नोंदीत घालण्याची विनंती करावी.

समितीच्या दिवशी स्वच्छ, नीटनेटके जावे. पण घरी काठी लागत असेल तर ती लाजेने घरी ठेवू नये. उलट, नसलेले लंगडणेही करू नये. अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर सांगते, खोलीत शिरतानाची चाल आणि बाहेर पडतानाची चाल तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. हिब्रू चांगले येत नसेल तर मुलगा वा सून बरोबर असावी, मात्र त्यांनी आईवडिलांचे बोलणे सांगावे, आपले मत नव्हे. वडील सांगत असतात की शर्टाची बटणे लागत नाहीत, आणि मुलगा भीडेने म्हणतो, ‘बेसेदेर, पप्पा सगळे करतात.’ हे प्रेमच असते, पण इतिवृत्तात तेच उतरते.

आता त्या भीतीविषयी. ती अगदीच निराधार नाही. नव्या तपासणीत एखादे दुखणे सुधारलेले दिसले तर त्याचे टक्के उतरू शकतात. म्हणून आधी जुने निर्णयपत्र काढून, कोणत्या दुखण्याला किती टक्के दिले होते ते पाहावे. निर्णय पटला नाही तर पत्रात दिलेल्या मुदतीत अपील करता येते. अपील समितीला टक्के कमी करायचे असतील तर तिने आधी तशी सूचना दिली पाहिजे आणि अपील मागे घेण्याची संधी दिली पाहिजे. तिच्या पुढे श्रम न्यायालय आहे, पण तेथे केवळ कायद्याच्या मुद्द्यावर दाद मागता येते.

ज्यांचे निवृत्तीचे वय जवळ आले आहे त्यांनी मुळीच थांबू नये. अपंगत्वाची कित्सबा घेणाऱ्याला त्या वयानंतर वार्धक्याची कित्सबा मिळते, आणि ती आधीच्या रकमेहून कमी नसते. अर्थात आधीची रक्कम जुन्याच टक्क्यांवर अडकलेली असेल, तर पुढेही तीच चालते. अंघोळ, कपडे, जेवण, घरातल्या घरात हालचाल यांसाठी दुसऱ्याचा हात लागत असेल तर ‘शेरुतीम मेयुखादीम’ हा वेगळा भत्ता आहे. त्याची मागणीही निवृत्तीच्या वयापूर्वीच करावी लागते. आधीपासून मिळत असेल तर नंतरही चालू राहू शकतो. त्या वयानंतर प्रथमच मदत लागली तर सिऊदचा, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेचा, मार्ग आहे.

वैद्यकीय हक्क मिळवून देतो म्हणणाऱ्या कंपन्या आपल्या मिळकतीतला वाटा मागतात. करारावर सही करण्याआधी बितुआख लेउमीच्याच ‘याद मेखावेनेत’ या सेवेकडे जावे. समितीसमोर जाण्यापूर्वी तेथे कागदपत्रे पाहून सल्ला देतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत.