काळा पट्टा म्हणजे शेवट नाही, सुरुवात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून.

शाळेत असताना टेंभुर्णीत मी कराटेच्या क्लासला जायचो. तीन महिने झाले, परीक्षेची फी भरली, की नवा पट्टा. पिवळा, केशरी, हिरवा. हिरव्यावर क्लास सुटला. पट्टा अजून कपाटात आहे, पण खरं सांगू? मला धड पडताही येत नव्हतं. मग त्या रंगाचा अर्थ काय?

जरा मागे जाऊ. 1882 मध्ये जिगोरो कानो यांनी टोकियोत ज्युदो शिकवायला सुरुवात केली. ज्युदोचा तो जाड सुती पोशाख म्हणजे 'गी'. जाड का? कारण समोरच्याची कॉलर नि बाही धरूनच त्याला फेकायचं असतं. साधा शर्ट पहिल्याच झटक्यात फाटेल! कराटेने हा पोशाख ज्युदोकडूनच घेतला, पण तिथे मुख्य काम ठोसा नि लाथेचं, म्हणून कापड हलकं.

पांढरा रंग साधेपणाचा, स्वच्छ मनाचा मानतात. शिवाय सगळ्यांच्या अंगावर सारखाच कपडा, म्हणजे कोण कुठल्या घरचा ते दिसत नाही. आपल्या तालमीत हेच काम लंगोट करतो.

आता पट्टा. 'न धुता वापरून वापरून तो काळा होतो' ही नुसती गोष्ट आहे बरं का. कानोंनीच 1880 च्या दशकात वरच्या शिष्यांना काळा पट्टा द्यायला सुरुवात केली. पिवळा, केशरी, हिरवा ही रांग नंतर युरोपात रुळली. आणि काळ्या पट्ट्याची पहिली पायरी म्हणजे 'शोदान'. अर्थ काय, तर सुरुवातीची पायरी! म्हणजे नोकरीत रुजू झाल्याचं पत्र, निवृत्तीचं नव्हे.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं. त्या गटाचं सुवर्ण घेतलं जपानच्या शोहाची इशीने. हा गडी मूळचा ज्युदोचा. महायुद्धानंतर ज्युदोवर निर्बंध आले, म्हणून कुस्तीकडे वळला. अंगावरचा गी गेला, अंगातली विद्या राहिली.

म्हणून लहान भावंडाला क्लासला घालताना 'पट्टा कधी मिळेल?' असं विचारू नका. 'पडायला कधी शिकवणार?' ते विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!