मायचा रोज कोणत्या रकान्यात?

मेहकर तालुक्यात सोयाबीनची सोंगणी आणि शाळेची सहामाही एकाच सुमाराला येतात. ऑक्टोबरात वर्गातले बाक रिकामे दिसू लागतात. कोणी खळ्यावर असतो, कोणी सुडीवर ताडपत्री झाकायला, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी. या दिवसांत मुलांना सामाजिक शास्त्रांचा स्वाध्याय द्यायचा, तर तो शेतातच करता येईल असा हवा. म्हणून मी नववीला एकच काम देतो : घरच्या किंवा शेजारच्या एक एकर सोयाबीनचा जमाखर्च मांडून आणा.

नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ नावाचा एक धडा आहे. अर्थव्यवस्थेचे प्रकार, उत्पादन, वितरण हे सगळे त्यात थोडक्यात येते. दहावीत तर मुले भारताच्या जोडीने ब्राझील शिकतात, आणि सोयाबीन पिकवणाऱ्या देशांत ब्राझील आज जगात पहिला आहे. पैनगंगेच्या काठावरच्या मुलाला ब्राझीलचा नकाशा बिनचूक भरता येतो, पण आपल्या बापाला एक क्विंटल सोयाबीन केवढ्याला पडले हे सांगता येत नाही. यात त्याचा दोष नाही. त्याला तसे कोणी विचारलेलेच नसते.

दहावीला सामाजिक शास्त्रांच्या 100 गुणांपैकी 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्या गुणांसाठी स्टेशनरीच्या दुकानातून छापील प्रकल्प आणायचा, रंगीत चित्रे चिकटवायची, प्रस्तावना–उद्दिष्टे–निष्कर्ष सुवाच्य अक्षरात उतरवायचे, ही वाट मुलांच्या पायाखालची आहे. अशा वह्या मी तपासल्या आहेत. त्यांत खाडाखोड नसते. सोयाबीनच्या हिशेबाच्या कागदावर मात्र खाडाखोडच खाडाखोड असते, आणि मला ती मोलाची वाटते. आधी लिहिलेला आकडा खोडून दुसरा लिहिला, म्हणजे मुलाने घरी जाऊन पुन्हा विचारले.

कागद साधा असतो. डावीकडे कामे : नांगरटी, वखरटी, बियाणे, खत, पेरणी, तणनाशक, निंदण, डवरणी, फवारणी, सोंगणी, मळणी, वाहतूक, हमाली, तोलाई. उजवीकडे तीन रकाने : रोख दिले, उधार राहिले, घरचे वापरले. बियाण्याची 30 किलोची थैली आणि डीएपीचे पोते यांची पावती कृषी सेवा केंद्राची असते, त्यामुळे ते आकडे लवकर सापडतात. मळणीयंत्राचा दर पोत्यावर ठरतो, तोही बापाला तोंडपाठ असतो. अडचण येते ती निंदणाला. मजूर बाया किती दिवस आल्या हे कोणी लिहून ठेवलेले नसते. मग मुले कॅलेंडर काढून बसतात. पोळ्याच्या आधी की नंतर, त्या आठवड्यात पाऊस होता का, अशा खुणांवरून दिवस मोजतात. इतिहासाच्या तासाला मी साधनांची विश्वसनीयता शिकवतो, ती इथे मुले आपोआप वापरतात. आई एक सांगते, बाप दुसरे, आणि किराणा दुकानाच्या वहीतली उचल तिसरेच.

कर्जाचा आकडा वर्गात वाचायचा नाही, कागदावर नाव घालायचे नाही, हे मी आधीच बजावून ठेवतो. घरची अडचण चारचौघांत उघडी करून अर्थशास्त्र शिकवणे मला मान्य नाही.

एका वर्षी एक मुलगी कागद घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर, मायचा रोज कुठी लिवाचा?”

आमच्याकडे ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरी. मजूर बायांचा रोज तिने लिहिला होता. तिची माय त्याच तासांत, त्याच बायांच्या पुढे बसून निंदत होती. तिला कोणी पैसे दिले नव्हते, म्हणून ‘रोख’मध्ये ते बसत नव्हते. देणेही कोणाला नव्हते, म्हणून ‘उधार’मध्येही नाही. ‘घरचे वापरले’ हा रकाना मी घरच्या बियाण्यासाठी आणि शेणखतासाठी ठेवला होता. तिने तिथे माणूस आणून बसवला.

त्या दिवशीचा तास मी त्याच प्रश्नावर घेतला. केंद्र सरकार हमीभाव ठरवते तेव्हा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो. त्याची एक पद्धत ‘ए-2 अधिक एफएल’ या नावाने ओळखली जाते. ‘ए-2’ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यात ठोक्याने घेतलेल्या जमिनीचे भाडेही आले. ‘एफएल’ म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमाची धरलेली किंमत. म्हणजे दिल्लीच्या हिशेबात तिच्या मायचा रोज आहे आणि घरच्या वहीत नाही. हे ऐकून वर्ग गप्प झाला. मग मुलांनी घरी जाऊन आईचे दिवस मोजले. काहींनी आजीचेही मोजले.

2025-26 च्या हंगामासाठी आयोगाने सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला 3552 रुपये धरला आणि त्याच्या दीडपट, 5328 रुपये, हमीभाव जाहीर झाला. मी फळ्यावर एकरी 6 क्विंटल उतारा धरून गणित मांडतो. हमीभावाने 31,968 रुपये येतात, खर्च 21,312 जातो, हाती 10,656 उरतात. आता भाव 4000 धरा : उरतात 2688. आयोगाच्या खर्चात घरचा श्रम धरलेला आहे, म्हणजे पेरणीपासून सोंगणीपर्यंत सुमारे 100 दिवस राबून मजुरीच्या वर जमिनीचे, जोखमीचे आणि डोकेफोडीचे मिळून एवढेच. आणि घरच्या हिशेबात मजुरी धरलीच नाही, तर तीच रक्कम मोठी दिसते आणि ‘यंदा बरं पिकलं’ असे वाटते. नफा म्हणून जे मोजले जाते त्यातला मोठा भाग आईची न दिलेली मजुरी असते. हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसते, तेव्हा मला वेगळे काही शिकवावे लागत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97, असे आढळले. हे आकडे मी हिशेबाचा कागद पूर्ण झाल्यावरच सांगतो. आधी सांगितले तर ते पाठांतरात जातात.

असे घराघरांतून हिशेब गोळा करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाची अशीच घरनिहाय पाहणी केली आणि 1917 मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे जातेगाव बुद्रुकची पाहणी त्यांनी ना. वि. कानिटकरांबरोबर केली. जमीन, कर्ज आणि कुटुंबाचा खर्च शेजारी शेजारी ठेवले की गावाची प्रकृती कळते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले. माझ्या वर्गाचे काम त्याच जातीचे आहे, आवाका लहान.

बाजार समितीच्या आवारात गेल्यावर एक नवा शब्द कागदावर येतो : आर्द्रता. हर्रासीच्या आधी व्यापारी मूठभर दाणे यंत्रात घालतो. सरकारी खरेदीला 12 टक्क्यांची मर्यादा असते. 2024 च्या नोव्हेंबरात, परतीच्या पावसाने भिजलेल्या हंगामात, केंद्राने ती 15 पर्यंत सैल केली होती. हे कळल्यावर मुलांना घरच्या अंगणात पसरलेल्या सोयाबीनचा अर्थ लागतो. वाळवायला जागा आणि थांबायला पैसा, दोन्ही असेल तोच थांबू शकतो. ज्याला दिवाळीआधी दुकानदाराची उधारी फेडायची असते, तो ओले सोयाबीन मिळेल त्या भावाने मोजून देतो.

ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचे काय, हा प्रश्न मला सुरुवातीपासून सतावत होता. त्यांच्यासाठी ‘शेजारच्या शेताचा हिशेब’ म्हणणे मला अपुरे वाटले. आता ती मुले गुत्त्याचा हिशेब आणतात : एकराला सोंगणीचा गुत्ता किती ठरला, टोळीत किती जण, किती दिवसांत उरकले, प्रत्येकाच्या वाट्याला काय आले. शिवाय वर्षभरात कामाचे दिवस किती आणि बसून काढलेले किती. बेरोजगारीवर यापेक्षा चांगला स्वाध्याय मी पाहिलेला नाही. मालकाचा कागद आणि मजुराचा कागद शेजारी ठेवला, की एकाचा सोंगणीचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई असते, हे वर्गाला दिसते. त्यावर वाद होतात. ते मी थांबवत नाही.

दहावीत पुढचा टप्पा येतो, पुढे काय करायचे त्याचा. 2016 पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे त्यात असत. कल कळणे चांगलेच, पण आमच्या मुलांचा अडसर बहुतेकदा कलाचा नसतो. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करत असतात. त्यांचा कल काय, हे त्यांनी कोणाला विचारलेले नसते. भरती निघते, फॉर्म भरता येतो, गावातला एकजण लागला आहे, एवढी माहिती त्यांच्याजवळ असते. समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो, त्याच्यावरच्या गाड्या त्यांना दिसतात, पण वाहतूक, गोदाम, दुरुस्ती या व्यवसायांत कुठल्या शिक्षणाने शिरता येते हे सांगणारे घरात कोणी नसते.

म्हणून करिअरचा स्वाध्यायही मी सोयाबीनच्याच कागदावर देतो. डावीकडे कामांऐवजी टप्पे : प्रवेश, फी, खोली, खाणावळ, प्रवास, पुस्तके, परीक्षा, आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचे महिने. रकाने तेच : रोख, उधार, घरचे. सोबत, ते काम करणाऱ्या एका माणसाची प्रत्यक्ष मुलाखत. मळणीयंत्रवाल्याकडे जाऊन आलेल्या एका मुलाने यंत्राची किंमत, हप्ता आणि हंगामाचे मोजके दिवस मांडले आणि आधी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक करायचे ठरवले, म्हणजे दुरुस्तीचा खर्च वाचेल.

मायचा रोज विचारणारी ती मुलगी पुढे दहावीत आली. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरची मुलाखत घेतली. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार, तिन्हींना बारावी लागते, हे तिने शोधले आणि तिन्हींचे वेगवेगळे कागद केले. ‘घरचे’ या रकान्यात तिने लिहिले होते : मी नसताना मायवर पडणारे काम. पालकसभेला तिचे बाबा आले. कागद बराच वेळ पाहून त्यांनी खिशातला पेन काढला, जीएनएमच्या पहिल्या वर्षाच्या आकड्याखाली रेघ मारली आणि विचारले, “सर, हे एकदम भरा लागते, का टप्प्यानं चालते?” आम्ही तिथेच बसून शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि सोयाबीनचे पैसे हाती येण्याचा महिना यांची जुळणी करायला लागलो.