प्रोस्टेटला सुई लावण्याआधी एम.आर.आय.



दर अंकात आम्ही लागण, खोडवा व खतांविषयी लिहितो. या वेळचा विषय निराळा, पण पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाच्या कामाचा आहे. आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. परंतु हा विषय नमुना कुठून घ्यावा याचा आहे, आणि ते आपणा सर्वांना कळते.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयोमानाने ती वाढते व रात्री वारंवार लघवीला उठावे लागते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. उलट कॅन्सर सुरुवातीला बहुधा त्रासच देत नाही. रक्तातील पी.एस.ए.चा आकडा संशय दाखवितो. पण साध्या वाढीने व जंतुसंसर्गानेही तो चढतो. तेव्हा आकडा चढला म्हणून अंथरूण धरू नये.

पूर्वी आकडा चढला की ग्रंथीत ठरावीक दहा-बारा ठिकाणी सुई घालून तुकडे काढीत. सोनोग्राफीवर ग्रंथी दिसे, पण रोगाची जागा बहुधा दिसत नसे. लाल कूज शोधायला हाताला येतील ते दहा ऊस फोडावेत, तशी ही गत. आपण काय करतो? पाने कुठे पिवळी पडून वाळली ते आधी बांधावरून पाहतो, आणि तिथलाच ऊस उभा चिरतो. एम.आर.आय. म्हणजे बांधावरची ती नजर. त्यात क्ष-किरण नसतात. चुंबकाच्या साहाय्याने चित्र निघते. त्याला १ ते ५ गुण देतात. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे जास्त.

ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ पुरुषांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली. घातक कॅन्सर असलेल्या शंभरांपैकी ९३ जण एम.आर.आय.ने हेरले; जुन्या सुईने ४८च. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात ५०० पुरुष होते. आधी एम.आर.आय. केलेल्यांपैकी २८ टक्क्यांना सुईची गरजच पडली नाही. घातक कॅन्सर ३८ टक्क्यांत सापडला. जुन्या रीतीने २६ टक्क्यांत. निरुपद्रवी कॅन्सर मात्र २२ ऐवजी ९ टक्केच निघाला. हा फायदा मोठा आहे, कारण निरुपद्रवी रोगावर विनाकारण ऑपरेशन झाले तर लघवीवरचा ताबा व पुरुषत्व दोन्ही जाण्याचा धोका असतो.

एवढे ध्यानात ठेवावे:

१) चित्रात डाग दिसला तरी खात्री सुईनेच होते. चित्र स्वच्छ आले तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पी.एस.ए. पुन्हा करावे.

२) एम.आर.आय. सुईच्या आधी व्हावा. नंतर केल्यास साकळलेल्या रक्ताने चित्र गढूळ येते.

३) छातीत पेसमेकर किंवा अंगात धातू असल्यास आधी सांगावे.

४) वडील किंवा भाऊ यांना हा रोग झाला असल्यास पन्नाशीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.

लाजेपोटी दुखणे अंगावर काढू नये, आणि घाबरून घाईने ऑपरेशनलाही तयार होऊ नये. “सुईआधी एम.आर.आय. करता येईल का?” एवढा एक प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

— ऊस विकास अधिकारी