मोठा कॅलिपर म्हणजे अधिक सुरक्षित ब्रेक नव्हे
डोंगराळ व कच्च्या रस्त्यांवरील वाहनांचे ब्रेक कॅलिपर : निवड आणि बदल

बंगळुरू शहराच्या उत्तरेस असलेला हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडला की बळ्ळारी रस्ता देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे आणि पुढे नंदी टेकड्यांच्या दिशेने जातो. कच्च्या वाटांवर चालणाऱ्या चारचाकी वाहनांच्या ब्रेकवर येणारे तीनही प्रकारचे ताण या एकाच मार्गावर अनुभवास येतात. हेब्बाळच्या वाहतूक कोंडीत ब्रेक वारंवार दाबावा लागतो, १४७८ मीटर उंचीच्या नंदी टेकडीवरून उतरताना तो दीर्घकाळ तापतो आणि आडवाटांवर त्यात धूळ व चिखल शिरतो. वरंध किंवा आंबोली घाटातून जाणाऱ्या महाराष्ट्रातील वाहनधारकांचा अनुभवही याहून वेगळा नाही.

उतारावर ब्रेकला किती उष्णता सोसावी लागते, हे साध्या हिशेबाने समजते. दोन टन वजनाचे वाहन ४०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ७८ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. सुमारे २३ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवण्यास ती पुरेशी आहे. वाहन खालच्या गिअरमध्ये नसेल, तर या उष्णतेचा मोठा भाग ब्रेकवर पडतो.

कॅलिपरचे कार्य

डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबताच ब्रेक ऑइलच्या दाबाने त्यातील पिस्टन पुढे सरकतो आणि ब्रेक पॅड तबकडीवर दाबले जातात. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. महिंद्राची थार, मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा या वाहनांत पुढील चाकांना डिस्क व मागील चाकांना ड्रम अशी रचना प्रामुख्याने आढळते.

अशा वाहनांत बहुधा सरकता कॅलिपर असतो. त्याचा पिस्टन एकाच बाजूस असतो आणि संपूर्ण कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. रबरी आवरण फाटून चिखलपाणी आत गेले की पिना किंवा पिस्टन गंजून अडकतात. पिना अडकल्यास आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो. पिस्टन मागे येत नसल्यास पॅड तबकडीला घासत राहतो, एक चाक दुसऱ्यापेक्षा अधिक तापते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते.

आधी निदान, मग बदल

चाक घासते म्हणजे कॅलिपर निकामी झाला, असे दरवेळी नसते. रबरी नळी आतून फुगल्यासही ऑइल परत येत नाही. चाक जाम झालेले असताना कॅलिपरवरील हवा काढण्याचा निपल किंचित सैल केल्यावर चाक मोकळे झाले, तर दोष नळीत किंवा त्यामागील भागात असण्याची शक्यता अधिक. चाक तरीही मोकळे झाले नाही, तर पिस्टन किंवा पिना तपासाव्यात. पिस्टनवर गंजाचे खड्डे नसतील, तर नवे सील व रबरी आवरण बसवून जुना कॅलिपर पुन्हा वापरता येतो.

निवड करताना

मोठ्या पिस्टनचा कॅलिपर बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. ५४ मिलिमीटरऐवजी ५७ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन घेतल्यास क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी वाढते आणि पॅडवरील दाबही तेवढाच वाढतो. मात्र तितकेच अधिक ऑइल पुढे ढकलावे लागते. मास्टर सिलिंडर जुनाच असेल, तर पेडल अधिक खोल जाते. केवळ पुढील ब्रेक बळकट झाल्याने पुढील व मागील चाकांमधील समतोलही बिघडतो. मोठा कॅलिपर रिमला घासण्याची शक्यता असते, तर उंची वाढवलेल्या वाहनात नळी अपुरी पडते.

म्हणूनच वाहनाच्या मॉडेलनुसार उत्पादकाने ठरवलेला कॅलिपर घेणे आणि एका आसावरील दोन्ही कॅलिपरची स्थिती सारखी राखणे श्रेयस्कर. मूळ रचनेत फेरफार करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चे निर्बंध व विम्याच्या अटी तपासाव्यात.

बदलताना घ्यावयाची काळजी

वाहन सपाट जागी उभे करून चाकांना अटकाव लावावा व ते भक्कम स्टँडवर टेकवावे. केवळ जॅकच्या आधारावर काम करू नये. काढलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये. नळीच्या जोडाला तांब्याचे नवे वॉशर घालावेत आणि नळीला पीळ पडू देऊ नये. गाइड पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे, कारण खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते. तबकडीची जाडी तिच्यावर नोंदवलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी नसावी. सर्व बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनुसारच आवळावेत.

डावा व उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसू शकतो. बसवल्यानंतर हवा काढण्याचा निपल वरच्या टोकाला असला पाहिजे. तो खाली आल्यास आतील हवा कितीही प्रयत्नांनी निघत नाही आणि पेडल मऊच राहते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मिसळल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर ते उकळल्यास वाफ तयार होते आणि पेडल थेट तळाशी जाते. त्यामुळे या कामासोबत जुने ऑइल पूर्ण बदलावे. सिलिकॉनयुक्त डॉट ५ त्यात मिसळू नये. एबीएस असलेल्या काही वाहनांत हवा काढण्यासाठी संगणकीय उपकरण लागते.

काम संपल्यावर इंजिन सुरू करून, वाहन जागचे हलवण्यापूर्वी, पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे. नवे पॅड तबकडीपर्यंत पोहोचलेले नसल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. त्यानंतर गळती तपासून मोकळ्या जागेत कमी वेगाने चाचणी घ्यावी. घाट उतरताना मात्र खालचा गिअर हाच ब्रेकचा पहिला साथीदार होय. त्याची उणीव कोणताही कॅलिपर भरून काढू शकत नाही.